केबल साठ फूट कमी का पडली? डोळा अंतर आणि आकार ठरवतो कसा

चांदूर बाजारकडच्या एका शेतकऱ्यानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. बोअरपासून स्टार्टरच्या पेटीपर्यंत नजरेनं २०० फूट धरून केबल आणली, ती ६० फूट कमी पडली. पाऊस उघडला की मेळघाटचा डोंगर दोन कोसांवर आल्यासारखा दिसतो, मे महिन्यात तोच कुठल्या कुठे जातो. कोजागिरीचा चंद्र तुरीमागून निघतो तेव्हा परातीएवढा असतो, डोक्यावर आला की वाटीएवढा. रात्री एका दिव्याचा ट्रॅक्टर मोटरसायकल वाटतो आणि घात होतो. मग डोळा अंतर आणि आकार ठरवतो कसा, आणि हा अंदाज सुधारता येतो का?

भाऊ, तुमची नजर अधू आहे म्हणून केबल कमी पडलेली नाही. मोकळ्या वावरात उभं राहून समोर सरळ पाहिलं की बहुतेक माणसांचा अंदाज कमीच येतो, आणि त्याचं कारण हिशेबानं दाखवता येतं.

डोळ्याला अंतर दिसतच नाही. डोळ्याच्या पडद्यावर पोचतो तो फक्त कोन, म्हणजे वस्तूनं नजरेतली किती जागा व्यापली तेवढंच. हा कोन मोजायचं साधन तुमच्या हातातच आहे. हात पूर्ण ताणा आणि अंगठा आडवा धरा. अंगठा साधारण २ सें.मी. जाड असतो आणि डोळ्यापासून साधारण ६० सें.मी. लांब राहतो, म्हणजे जाडी अंतराच्या तिसाव्या हिश्शाइतकी. जी वस्तू आडव्या अंगठ्यामागे बरोबर झाकली जाते, ती तिच्या उंचीच्या तीसपट दूर आहे. साडेपाच फुटी माणूस (१.६५ मीटर) डोक्यापासून पायापर्यंत झाकला गेला तर तो ५० मीटरवर आहे, अर्ध्या अंगठ्यातच मावला तर १०० मीटरवर. मोठा नर रोही (नीलगाय) खांद्याशी सव्वा ते दीड मीटर भरतो, तो अंगठ्यामागे गेला की ३८ ते ४५ मीटर समजा. विजेचा सिमेंटचा खांब ८ मीटरचा असेल आणि त्यातला दीड मीटर जमिनीत असेल, तर वर साडेसहा मीटर राहतो. तो झाकला गेला की अंतर २०० मीटरला थोडंसं कमी. प्रत्येकाचा अंगठा आणि हात वेगळा असतो, म्हणून दोन्ही एकदा टेपनं मोजून आपला भागाकार काढून ठेवा. कुणाचा २७ येतो, कुणाचा ३३.

पण कोनावरून एकच गोष्ट कळते, ती म्हणजे आकार आणि अंतर यांचं प्रमाण. जवळचं लहान आणि दूरचं मोठं यांचा कोन सारखाच असू शकतो. तरी १०० मीटरवरचा माणूस आपल्याला बुटका वाटत नाही, दूर आहे एवढंच वाटतं. मेंदू अंतराचा अंदाज धरून आकार दुरुस्त करतो म्हणून हे जमतं. १९४१ साली हॉलवे आणि बोरिंग या दोन संशोधकांनी हे मोजून पाहिलं. लांब बोळात ३ मीटरपासून ३६ मीटरपर्यंत वेगवेगळ्या जागी उजेडाच्या चकत्या ठेवल्या, पण सगळ्यांचा कोन सारखाच राहील अशा आकाराच्या. दोन्ही डोळे उघडे आणि बोळ दिसत असताना लोक चकतीचा खरा आकार जवळपास बरोबर सांगत. मग एक डोळा झाकला, बारीक छिद्रातून बघायला लावलं, भिंती आणि फरशीचा उजेड तोडला. तसतशी लोकांची आकाराची समज ढासळत गेली, आणि शेवटी सगळ्या चकत्या जवळपास एकाच मापाच्या वाटू लागल्या. चकत्या त्याच होत्या. गेली होती ती आजूबाजूची जमीन आणि भिंत.

म्हणून माझं सांगणं एवढंच की अंतर जमिनीवरून वाचलं जातं. जमीन दिसेनाशी झाली की अंदाज गेला. तुमच्या चारपैकी तीन तक्रारी या एका गोष्टीशी येऊन मिळतात; डोंगराचं कारण वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

आता तुमचं वावर बघा. उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतो. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेघ डोळ्याच्या उंचीला असते, आणि एखादा दगड त्या रेघेच्या जितका खाली दिसतो तितका तो जवळ. १५ मीटरवरचा दगड क्षितिजाखाली तीन अंगठे दिसेल, ४५ मीटरवरचा एक अंगठा, ९० मीटरवरचा अर्धा. म्हणजे ४५ मीटरच्या पुढचं सगळं रान, धुऱ्यापर्यंतचं (बांधापर्यंतचं) आणि धुऱ्यापलीकडचंही, एका अंगठ्याच्या जाडीत दाबलेलं असतं. तुमचे २०० फूट म्हणजे ६१ मीटर आणि खरे २६० फूट म्हणजे ७९ मीटर. या दोन जागांमधला फरक हातभर लांब धरलेल्या काडीवर जेमतेम साडेतीन मिलिमीटर भरतो. तेवढ्या फटीत तुमची ६० फूट केबल होती.

त्यात आणखी दोन गोष्टी भर घालतात. पहिली, समोर पळणारं अंतर आडव्या अंतरापेक्षा नेहमी आखूड वाटतं. जमिनीवर एक दोरी आडवी टाका आणि दुसरी तुमच्यापासून लांब जाणारी, आणि दोन्ही सारख्या वाटतील अशा करा. दहा-बारा मीटरवरसुद्धा लांब जाणारी दोरी बरीच मोठी ठेवावी लागते. म्हणून शक्य असेल तर अंदाज बाजूला जाऊन घ्या. बोअर आणि पेटी दोन्ही दिसतील असं कडेला उभं राहिलं की तेच अंतर आडवं होतं आणि चूक कमी होते. दुसरी, रिकामी जागा लहान वाटते आणि भरलेली मोठी. नुकत्याच वखरलेल्या काळ्या रानात नजर अडेल असं काहीच नसतं, त्यामुळे नजर सरळ घसरत जाते. तेच अंतर पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळींमधून पाहिलं तर जास्त वाटतं. घराचा पाया फक्कीनं आखला की १० बाय १२ ची खोली कोंडवाड्याएवढी दिसते आणि घरधनी पाया वाढवायला सांगतो, तेही याचमुळे. भिंती चढल्या, खाट-कपाट आलं की तीच खोली पुरेशी दिसते. पाया आखल्यावर आत खाट मांडून पाहा, मगच वाढवायचं ठरवा.

वावराचा उतार नाल्याकडे असेल आणि तो लक्षात आला नसेल तर उताराच्या टोकाची वस्तू नजरेत खाली दिसते, म्हणून जवळ वाटते. मधे नाला किंवा चर असेल तर उलट होतं. जमिनीचा धागा तुटतो आणि पलीकडचं अंतर जास्त वाटतं. तूर पुरुषभर वाढली की जमीन झाकली जाते आणि पलीकडच्या मचाणाचं अंतर सांगणं जवळपास अशक्य होतं. त्या दिवसांत नजरेवर विसंबूच नका.

केबलपुरतं बोलायचं तर ३० मीटरचा टेप आणि एक मदतनीस पुरतो. टेप नसेल तर पावलं. तीस मीटर मोजून घ्या, नेहमीच्या चालीनं तीनदा चाला आणि पावलांची सरासरी काढा. पाऊल पाऊण मीटरच्या आसपास येतं. ढेकळांत आणि ओल्या काळ्या मातीत ते आखूड पडतं, म्हणून सडकेवर काढलेलं माप वावरात वापरू नका. मोजलेल्या अंतरावर वळण आणि झोळ यासाठी पाच टक्के धरा, दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर जोडणीसाठी ठेवा, आणि बोअरमध्ये मोटरपर्यंत उतरणारी केबल वेगळी मोजा. जमिनीत गाडलेला जोड पावसाळ्यात हमखास त्रास देतो, म्हणून एकसंध तुकडा घ्या. लांबी वाढली की विजेचा दाब (व्होल्टेज) कमी पडतो. तेव्हा दुकानात लांबी आणि मोटरचा हॉर्सपॉवर दोन्ही सांगून तारेची जाडी ठरवा.

संत्र्याचा बगिचा शेजारी असेल तर तुमच्याकडे आयता टेप आहे. ६ बाय ६ मीटरवर लावलेल्या बागेत झाडं मोजली की अंतर मिळतं. पऱ्हाटीच्या दोन ओळींतलं अंतर पेरणीच्या वेळी ठरलेलं असतं, ९० सें.मी. असो की १२० सें.मी. ओळी मोजा आणि गुणा. याच मापावर अंगठ्याची दुसरी युक्ती चालते. हात ताणून अंगठा उभा धरा, एक डोळा मिटून तो दूरच्या वस्तूवर आणा. मग डोकं आणि हात न हलवता तो डोळा उघडा आणि दुसरा मिटा. अंगठा बाजूला उडी मारतो. हाताची लांबी दोन डोळ्यांतल्या अंतराच्या जवळपास दहापट असते, म्हणून उडी जितके मीटर तितक्याच्या दहापट अंतर. वस्तूजवळच्या बागेत अंगठा एका झाडावरून तिसऱ्या पुढच्या झाडावर गेला, म्हणजे तीन फटी, १८ मीटर. अंतर १८० मीटर. या युक्तीत चूक होते ती उडी मोजताना. वस्तूजवळ माहीत असलेलं माप नसेल तर ही युक्ती नुसता अंदाजावर अंदाज ठरते.

इथे कुणी म्हणेल, दोन डोळे दिलेत ते कशाला? दोन बाहुल्यांमध्ये साधारण ६३ मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे दोन्ही डोळ्यांची चित्रं किंचित वेगळी असतात आणि त्या फरकातून मेंदू खोली काढतो. हे १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टोन यांनी स्टिरिओस्कोप नावाच्या यंत्रानं दाखवून दिलं. पण ही शक्ती अंतराच्या वर्गानं घटते. चांगल्या नजरेचा हिशेब केला तर एक मीटरवर दीड मिलिमीटरचा पुढेमागेपणा कळतो, १० मीटरवर १५ सेंटिमीटरचा, आणि १०० मीटरवर पंधरा मीटरचा. सुईत दोरा ओवणं, बोंडातून कापूस वेचणं, विळ्याचा नेमका घाव ही दोन डोळ्यांची कामं. धुऱ्यापलीकडचं अंतर सांगायला त्यांचा फारसा उपयोग नाही. तिथे निदान चालून पाहा. दहा पावलं आडवं सरका. जवळची बाभूळ झपकन मागे जाते, दूरचं देऊळ जागचं हलत नाही. एसटीच्या खिडकीतून दिसतं ते हेच, आणि एका डोळ्याच्या माणसालाही ते पूर्ण उपलब्ध असतं.

डोंगराचं आणि चंद्राचं थोडक्यात सांगतो. डोंगराच्या बाबतीत मधली हवा फसवते. हवेतली धूळ आणि वाफ दूरच्या वस्तूचा रंग फिका आणि निळसर करते, कडा बोथट करते, आणि मेंदू फिकं म्हणजे दूर असं वाचतो. आश्विनात पावसानं धुतलेल्या हवेत मेळघाटच्या गाविलगड रांगेतली झाडं सुटी सुटी दिसतात, म्हणून डोंगर जवळ येतो. मे महिन्यात धुळीमुळे तो मागे जातो. पायथ्यापासून माथा साधारण ७०० मीटर वर धरला तर २५ किलोमीटरवरून ती सगळी रांग उंचीला तुमच्या अंगठ्याच्या जाडीतही मावते. एकदा धरून पाहा. एवढा मोठा दिसणारा डोंगर अंगठ्याआड जातो हे पाहिलं की डोळा कोन आणि आकार यांत किती दुरुस्ती करतो ते समजतं.

चंद्राचा कोन मात्र रात्रभर अर्ध्या अंशाच्या आसपासच राहतो. उगवताना तर आपण त्याच्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येएवढे अधिक लांब असतो, म्हणून तो किंचित, दीडेक टक्क्यानं, लहानच असतो. ताणलेल्या हातात तुरीचा दाणा धरा. उगवताना तो चंद्राला झाकतो आणि मध्यरात्रीही झाकतो. क्षितिजाजवळ चंद्राखाली वावर, झाडं, घरं पसरलेली असतात आणि ती जमीन दूरवर जाताना दिसते. डोक्यावर रिकामं आभाळ असतं. बरेच अभ्यासक या दूरपणाच्या जाणिवेलाच फसगतीचं मूळ मानतात, तरी पूर्ण उलगडा अजून वादातच आहे. हाताची पोकळ नळी करून तिच्यातून उगवता चंद्र पाहिला, म्हणजे आजूबाजूची जमीन कापली, की तो बऱ्याच जणांना लगेच लहान दिसतो.

आता रात्रीचा रस्ता. यावर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण इथे चूक जिवावर बेतते.

अंधारात जमीन जाते. ओळी जातात, क्षितिज जातं, रंग जातो. उरतो एक ठिपका. एका दिव्याला आकार नसतो, त्यामुळे कोनही नसतो. मेंदू दोनच गोष्टी धरतो : उजळ म्हणजे जवळ, एक दिवा म्हणजे मोटरसायकल. ट्रॅक्टरचा एक दिवा बंद असेल तर तुम्ही मोटरसायकलला लागेल तेवढीच जागा सोडता, आणि ट्रॉली तुमच्या बाजूला मीटर-दीड मीटर बाहेर असते. एक दिवा समोर दिसला की तो ट्रॅक्टरचा उजवीकडला दिवा गेलेला आहे असं धरूनच बाजू सोडा.

मागून गाठणाऱ्याचं गणित आणखी वाईट आहे. वस्तू जवळ येते आहे हे कळतं ते तिचा कोन वाढतो त्यावरून, आणि ही वाढ शेवटपर्यंत जाणवत नाही. ताशी ६० किलोमीटरचा वेग धरा, म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर. ४०० मीटरवरची उभी वस्तू दुप्पट मोठी दिसायला १२ सेकंद लागतात. पुढची दुप्पट ६ सेकंदांत होते, त्यापुढची ३ सेकंदांत. "अचानक समोर आली" असं जखमी माणूस सांगतो ते खोटं नसतं. त्याच्या डोळ्याला ती खरोखर अचानकच येते. त्यातही रुंद वस्तूची वाढ लवकर जाणवते. समोरून ६० च्या वेगानं येणारा अडीच मीटर रुंद ट्रक साधारण १२० मीटरवर "वाढतोय" असं जाणवू लागतो, तर ८० सें.मी.ची मोटरसायकल साधारण ६५ मीटरवर. पहिल्यात हाताशी सात सेकंद राहतात, दुसऱ्यात चार. म्हणून रस्ता ओलांडताना मोटरसायकल दूर वाटते आणि हळू वाटते. शाळेत जाणाऱ्या लहान पोरांवर हा निर्णय सोडू नका. त्यांना वाढता कोन मोठ्या माणसाएवढा ओळखता येत नाही. रेल्वे फाटकावर फसगत वेगळ्या वाटेनं होते. प्रचंड मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू चालल्यासारखी वाटते, म्हणून गाडी अजून लांब आहे असं समजून माणूस रूळ ओलांडतो.

यावरून ट्रॉली आणि बंडीसाठी एक ठाम सूचना. मागे मधोमध एकच लाल रिफ्लेक्टर लावून उपयोग नाही. एका ठिपक्यानं कोन तयार होत नाही. दोन लावा, ट्रॉलीच्या अगदी दोन्ही बाहेरच्या कोपऱ्यांवर. त्यांच्यामधली फट मागच्याला रुंदीही सांगते आणि ती फट फाकत गेली की अंतर घटतंय हेही सांगते. शक्य असेल तर मागच्या फळीच्या पूर्ण रुंदीवर लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवा. कापसाची गाठोडी किंवा कुटाराचे बोरे बाहेर लोंबतात आणि नेमका रिफ्लेक्टर झाकतात, म्हणून तो फळीच्या खालच्या लोखंडावर लावा आणि भरणी झाल्यावर मागे जाऊन एकदा बॅटरी मारून पाहा. चिखलाची पुटं पुसा. मोटरसायकलवाल्यानं लक्षात ठेवायचं ते हे : डिपर दिव्याचा उपयोगी उजेड ४०-५० मीटरच जातो आणि ६० च्या वेगात विचार करायलाच २५ मीटर जातात. कोरड्या सडकेवर थांबायला आणखी २३ मीटर लागतात. म्हणजे उजेड संपतो तिथेच गाडी थांबते, पुढे एक हातही उरत नाही. पांदणीला जोडणाऱ्या अंधाऱ्या रस्त्यावर ४० ची गती पुरे.

जागलीवर दिसलेल्या जनावराचं मापही असंच वाढतं. अंधारात जमीन नसते, भीती असते, आणि चमकणाऱ्या डोळ्यांवरून आकार काढता येत नाही. बिबट्या खांद्याशी साधारण ६० ते ७० सें.मी. असतो, वाघ ९० ते ११०. हा फरक मोठा आहे, पण बाजूला मोजता येण्यासारखं काही असेल तरच कळतो. म्हणून जनावर दिसलं की त्याच्या पाठीची रेघ कशाला लागली ते लक्षात ठेवा : पऱ्हाटीचा कितवा फाटा, कुंपणाची कितवी तार, बांधावरच्या दगडाचा माथा. सकाळी चार माणसांसोबत जाऊन तेवढी उंची टेपनं घ्या आणि पंचनाम्यात तीच सांगा. पायाचे ठसे त्याच वेळी टोपल्यानं झाकून ठेवा, वारा आणि ढोरं ते पुसतात.

विहिरीपाशी दोन वेगळ्या चुका होतात. काठावरून खाली पाहिलं की खोली जास्त वाटते, तळातून वर पाहिलं की तेवढी वाटत नाही. दोर घेताना दगड बांधून मोजा, हाताच्या हिशेबानं. दुसरी चूक पाण्याची, आणि ती घातक आहे. पाण्यातून बाहेर येताना उजेड वाकतो, म्हणून सरळ वरून पाहिलं तर पाणी खऱ्या खोलीच्या पाऊणपटच दिसतं. आठ फूट पाणी सहा फूट वाटतं. शेततळ्याच्या काठावरून तिरकं पाहिलं तर त्याहूनही उथळ. पोरगं "कमरेएवढंच आहे" म्हणून उतरतं. शेततळ्यात पाण्याच्या काठाला रंगवलेला बांबू रोवा, फुटाफुटाला वेगळा रंग, आणि काठापासून बांधलेला दोर पाण्यात सोडून ठेवा. प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की पाय टिकत नाही.

आकाराच्या अंदाजात पैसे जातात ते घनफळात. डोळा उंची धरतो आणि बाकी दोन बाजू विसरतो. सोयाबीनची गंजी दुप्पट झाली तरी प्रत्येक बाजूनं फक्त सव्वापटच दिसते, म्हणून मोठी गंजी नेहमी कमी अंदाजली जाते. सागाच्या लाकडात उलटं नुकसान होतं. व्यापारी घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतो आणि लांबीनं गुणतो. घेर नजरेनं १० टक्के कमी धरला तर घनफळ १९ टक्क्यांनी बुडतं. घेर दोरीनं घ्या, सौदा होण्याआधी, उभ्या झाडाचा छातीच्या उंचीला, आणि पडलेल्या ओंडक्याचा मधोमध. उंचीसाठी बुंध्यावर दीड मीटरला चिंधी बांधा, निदान झाडाच्या उंचीइतकं मागे जा, हातातली काडी सरळ उभी धरा आणि बुंध्यापासून चिंधीपर्यंतचं माप शेंड्यापर्यंत किती वेळा बसतं ते मोजा. सात वेळा बसलं तर साडेदहा मीटर. काडी तिरपी झाली की उत्तर बिघडतं. डोळ्याला उभी लांबी आडवीपेक्षा जास्त वाटते, म्हणून नजरेनं झाड नेहमी उंच सांगितलं जातं.

आता खुद्द डोळे. चहा ओतताना कपाच्या कडेवर सांडतो, पायरी चुकते, सुई ओवता येत नाही, असं नव्यानं सुरू झालं असेल तर एक डोळा मागे पडलाय अशी शंका घ्या. दोन पेनांची टोकं समोरून एकमेकांना लावून पाहा, आधी दोन्ही डोळ्यांनी, मग एकानं. दोन्हींनीही एकासारखंच चुकत असेल तर डॉक्टरकडे जा. मोतीबिंदू एकाच डोळ्यात पिकला की त्या डोळ्याचं चित्र मेंदूत उशिरा पोचतं. दोरीला नट बांधून सरळ डावी-उजवी झुलवला तर तो गोल फिरल्यासारखा दिसतो. ही गोष्ट १९२२ मध्ये कार्ल पुल्फ्रिख यांनी मांडली, आणि त्यांना स्वतःला ती दिसत नसे, कारण त्यांचा एक डोळा गेलेला होता. ढोरांत, गाड्यांत वावरणाऱ्यासाठी हा दोष धोक्याचा आहे. पोराचा एक डोळा तिरळा असेल तर "वयानं जाईल" म्हणून थांबू नका. आळशी डोळ्यावर (ज्याचं चित्र मेंदू नीट वापरत नाही असा डोळा) उपचार लहानपणीच जास्त लागू पडतात. चष्मा नवा असेल तर पहिले काही दिवस जमीन वर किंवा खाली गेल्यासारखी वाटते, त्या दिवसांत विहिरीच्या पायऱ्या आणि ट्रॅक्टर टाळा. दोन भागांच्या चष्म्यात खालची काच हातभर अंतरावर वाचायला असते, पायाशी बघायला नाही. धुऱ्यावरून उतरताना हनुवटी खाली घ्या आणि वरच्या काचेतून बघा.

नजर तयार करता येते, पण नुसतं बघून नाही. आधी आकडा बोला, मग मोजा, आणि दोन्ही वहीत लिहा. आकडा मोठ्यानं बोलला नाही तर मोजल्यावर मन आपलाच अंदाज बदलून सांगतं. रोज चार जागा : एक १० मीटरच्या आतली, एक २० च्या आसपास, एक ५० ची, एक १०० च्या पुढची. २० मीटरपर्यंत एक सोपी परीक्षा आहे. सपाट रानात विटेवर नजर ठेवा, डोळ्यांवर दुपट्टा बांधा आणि ती आली असं वाटेपर्यंत चाला. बहुतेक जण आश्चर्य वाटावं इतके जवळ पोचतात. पाय अंतर बरोबर जाणतात, तोंड कमी सांगतं. ५० आणि १०० वर तुमची चूक दहा-बारा दिवसांत ठरावीक दिसू लागेल. समजा तुम्ही नेहमी पाऊणपटच सांगता, तर आपल्या अंदाजाला सव्वापटीपेक्षा थोडं जास्त गुणायची सवय लावा. १०० मीटर एकदम बघू नका. अर्ध्यावरची खूण शोधा, तिथपर्यंतचं अंतर ठरवा, आणि दुप्पट करा. नजरेनं धरलेली खूण बरोबर अर्ध्यावर असेलच असं नाही, म्हणून ती एकदा पावलांनी तपासा.

हे सगळं सध्या उभ्या पिकात करत असाल, तर तूर सोंगून झाल्यावर त्याच चार जागा पुन्हा मोजा. माप तेच निघेल, पण मोकळ्या काळ्या रानात तुम्ही बोललेला आकडा बदललेला असेल. वहीत त्याचं वेगळं पान ठेवा.